चौकडीचा शर्ट, बँकेचा चेक आणि पटावरचा राजा

तीन गोष्टी डोळ्यांपुढे आणा. कापडाच्या दुकानात टांगलेला चौकडीचा शर्ट, ज्याला आपण सर्रास ‘चेक्सचा शर्ट’ म्हणतो. वडील बँकेत भरतात तो चेक. आणि गावाच्या वेशीवर मालमोटारी थांबवणारा चेकनाका. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण त्यांच्या नावांचा माग काढत मागे मागे गेलो, तर तिन्ही वाटा इराणच्या राजापाशी येऊन थांबतात. आणि तो राजाही सिंहासनावर बसलेला नव्हे, चौसष्ट घरांच्या पटावर उभा असलेला!

विश्वास बसत नाही ना? बसूही नये. अशी चमत्कारिक माहिती कोणी सांगितली की पहिला प्रश्न विचारावा, ‘कशावरून?’ जमिनीच्या थरांत सापडणाऱ्या जीवाश्मांवरून भूशास्त्रज्ञ जसा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी ओळखतो, तसा भाषाशास्त्रज्ञ शब्दांवरून जुने प्रवास ओळखतो. बुद्धिबळाचा प्रवास तर शब्दांनी फारच नीट नोंदवून ठेवला आहे. चला, तो पाहू.

आरंभ आपल्याकडेच करावा लागतो. ‘चतुरंग’ म्हणजे चार अंगे असलेले. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही प्राचीन भारतीय सेनेची चार अंगे. म्हणून सेनेला ‘चतुरंग सेना’ म्हणत, आणि तिचे छोटे रूप पटावर मांडले गेले तेव्हा त्या खेळालाही तेच नाव पडले. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारात बाणभट्ट हा थोर लेखक होता. हर्षाचा राज्यकाल इ. स. ६०६ ते ६४७. बाणाने आपल्या ‘हर्षचरित’ या ग्रंथात या राजाच्या सुखी राज्याचे वर्णन करताना एक श्लेष साधला आहे. त्याचा मथितार्थ असा, की चतुरंगाची रचना लोकांना शिकायला मिळते ती फक्त अष्टापदावर! अष्टापद म्हणजे आठ आठ घरांचा पट. वाचकाला हा खेळ आधीपासून ठाऊक नसेल, तर असा श्लेष कळणारच नाही. म्हणजे बाणाच्या वेळी उत्तर भारतात तो परिचित होता, एवढे आपण निश्चित म्हणू शकतो.

तेथून हा खेळ इराणात गेला. एका जुन्या इराणी गोष्टीत असे सांगितले आहे, की हिंदुस्थानच्या राजाने अनुशिरवान बादशहाकडे पट आणि मोहरी पाठवली, पण नियम काही सांगितले नाहीत. ‘ओळखा पाहू हा खेळ कसा खेळायचा,’ असे आव्हानच दिले. बादशहाचा शहाणा वजीर बुजुर्गमिहर याने ते कोडे सोडवले. गोष्ट झकास आहे, पण ती गोष्टच. तिच्यापेक्षा भक्कम पुरावा खुद्द नावात आहे. इराणी लोकांनी खेळाला ‘चतरंग’ म्हटले. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि खेळ त्यांच्या हाती आला. आता अडचण अशी, की अरबी भाषेत ‘च’ नाही आणि ‘ग’ही नाही. त्यांनी ‘च’च्या जागी ‘श’ आणि ‘ग’च्या जागी ‘ज’ बसवला. चतरंगाचा झाला शतरंज!

हाच शब्द पुढे फारसीतून हिंदुस्थानात परत आला आणि उत्तरेकडे रुळला. ‘चतुरंग’ या नावाने घर सोडून गेलेला मुलगा परदेशात वाढून ‘शतरंज’ होऊन परतला, आणि घरच्यांनी त्याला ओळखलेच नाही. मराठीने मात्र ‘बुद्धिबळ’ असा आपला स्वतंत्र शब्द घडवला. मला तो सर्वांत आवडतो, कारण सेना, राजा वगैरे सारे बाजूला ठेवून खेळाचे मर्मच त्यात सांगितले आहे.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, ‘प्रवास उलटा झाला नसेल कशावरून? अरबांचा शतरंज आपल्याकडे येऊन त्याचा चतुरंग झाला असेल.’ प्रश्न उत्तम आहे. उत्तर असे : संस्कृतात ‘चतुरंग’ या शब्दाची फोड होते. चतुर् म्हणजे चार, अंग म्हणजे भाग, आणि पटावर सेनेचे चार भाग खरोखरच दिसतात. फारसीत ‘चतरंग’ची किंवा अरबीत ‘शतरंज’ची अशी खेळाला लागू पडणारी फोड होत नाही. आपल्याकडे कोणी ‘शत’ म्हणजे शंभर आणि ‘रंज’ म्हणजे रंजन असे म्हणेल, पण पटावर शंभर असे काहीच नाही. ज्या भाषेत शब्दाचे तुकडे अर्थासकट सुटे होतात, ती बहुधा त्याची जन्मभूमी. भाषाशास्त्रातली ही एक साधी पण उपयोगी कसोटी आहे.

राजा आणि मात

इराणात गेल्यावर राजाला तेथील शब्द मिळाला, ‘शाह’. प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू शिष्टाचार म्हणून ‘शाह!’ असे म्हणे, म्हणजे ‘राजा सांभाळ!’ आपण ‘शह दिला’ म्हणतो तो हाच शाह. आदिलशहा, निजामशहा, पातशहा यांच्या नावातला ‘शहा’ आणि पटावरचा ‘शह’ ही एकाच शब्दाची दोन रूपे. राजाला सुटकाच उरली नाही की ‘शाह मात’. यातील ‘मात’ म्हणजे ‘मेला’ हा अरबी शब्द, असे काहींचे मत. ‘हतबल झाला, अडकून पडला’ या अर्थाचा तो फारसी शब्द, असे दुसऱ्यांचे. खेळाचा नियम पाहता मला दुसरे मत अधिक पटते, कारण बुद्धिबळात राजाला कोणी मारत नाही. तो कोंडला गेला की डाव तेथेच थांबतो. ते काही असो, वर्तमानपत्रात ‘दुष्काळावर मात’ असा मथळा आपण वाचतो, तेव्हा त्या मथळ्यात पट मांडलेला असतो.

अरबांबरोबर खेळ युरोपात गेला, आणि तेथे त्याच्या नावाच्या दोन शाखा झाल्या. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांवर अरबी भाषेचा अंमल शतकानुशतके होता. त्यांनी खेळाचेच नाव उचलले. स्पॅनिशमध्ये ‘आहेद्रेस’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेश’. दोन्हींत शतरंज दडलेला आहे, जरा कान देऊन ऐका. बाकीच्या युरोपाने मात्र पटावर वारंवार ऐकू येणारी हाक हेच खेळाचे नाव समजून घेतले. लॅटिनमध्ये शाहाचा झाला ‘स्काकुस’. जर्मन भाषेत ‘शाख’, फ्रेंचमध्ये ‘एशेक’, रशियनमध्ये तर अख्खे ‘शाखमाती’! जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत दोन शब्द आले. एकवचनी रूपापासून ‘चेक’, म्हणजे शह. आणि अनेकवचनी रूपापासून ‘चेस’, म्हणजे बुद्धिबळ. थोडक्यात, इंग्रज मुलगा ‘चला, चेस खेळू’ म्हणतो तेव्हा शब्दशः तो ‘चला, राजे राजे खेळू’ असे म्हणत असतो.

आता शर्टाकडे वळू. बुद्धिबळाचा पट म्हणजे एकाआड एक रंगांची घरे. तशी नक्षी असलेल्या कापडाला पटावरून ‘चेकर्ड’ आणि पुढे नुसते ‘चेक’ म्हणू लागले. पोर्तुगीजांनीही तेच केले. त्यांच्या भाषेत ‘शद्रेश’ म्हणजे बुद्धिबळ आणि चौकडीचे कापडही.

खजिन्याचा चौकटीचा गालिचा

बँकेच्या चेकची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि तिच्यात गणितही आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल गोळा करणारे अधिकारी वर्षातून दोनदा हिशेब द्यायला येत. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्या शतकाच्या उत्तरार्धात या कचेरीच्या कामकाजावर एक पुस्तकच लिहिले. त्यात तो सांगतो, की सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज असे. त्यावर काळे कापड अंथरत आणि कापडावर उभ्याआडव्या रेघांनी घरे पाडलेली असत. दोन्ही बाजूंना माणसे बसून त्यावर चकत्या सरकवीत. पाहणाऱ्याला वाटावे, बुद्धिबळाचा डाव चालला आहे. म्हणून त्या कचेरीचे नावच पडले ‘एक्सचेकर’, म्हणजे बुद्धिबळाचा पट. इंग्लंडच्या अर्थमंत्र्याचा हुद्दा आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ असा आहे.

पण हिशेबाला कापड कशाला? कागदावर बेरीज का करीत नसत? करून पाहा म्हणजे कळेल. त्या काळी तेथे रोमन आकडे वापरीत. त्यांत शून्य नाही आणि एकं, दहं, शतं अशी स्थाने नाहीत. या आकड्यांची एकाखाली एक मांडून बेरीज करायला घ्या, दोन मिनिटांत डोके धराल. म्हणून स्थानांचे काम कापडावरचे रकाने करीत. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, चौथा वीस वीस पौंडांचा, त्यापुढे शेकडा आणि हजार. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा त्यांचा हिशेब. समजा २३ पौंड, ४ शिलिंग, ६ पेनी मांडायचे आहेत. तर विसांच्या रकान्यात एक चकती, पौंडांच्या रकान्यात तीन, शिलिंगांच्या चार आणि पेनींच्या सहा. एखाद्या रकान्यात काही नसेल तर तो रिकामा. हा रिकामा रकाना म्हणजेच आपले शून्य! येणे रक्कम वरच्या ओळीत आणि भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडली, की बाकी किती ते अक्षरशत्रूलाही दिसे. त्या अधिकाऱ्यांपैकी कित्येकांना लिहिता-वाचता बेताचेच येत असल्याने ही सोय मोलाची होती. गंमत अशी, की ज्या शून्यामुळे हे कापडच अनावश्यक ठरणार होते, तेही बुद्धिबळासारखेच भारतातून अरबांमार्फत युरोपकडे निघालेले होते. पण बुद्धिबळ पुढे पोहोचले आणि शून्य मागे राहिले. खेळ शिकायला माणसे हिशेबापेक्षा अधिक उत्सुक असतात, असे दिसते.

इकडे ‘चेक’ या शब्दाचा अर्थही पसरत होता. राजाला शह बसला की त्याची हालचाल अडते. म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणे, रोखणे. रोखून पाहणे म्हणजे तपासणे. आपला चेकनाका येथून आला. अठराव्या शतकात बँकेच्या कागदाची जी स्थळप्रत खोटेपणा पकडण्यासाठी ठेवीत, तिला ‘चेक’ म्हणत. पुढे ते नाव त्या कागदालाच चिकटले. इंग्लंडात या शब्दाचे स्पेलिंग वेगळे करतात, त्यावर ‘एक्सचेकर’ची छाप आहे.

हत्ती कोठे गेला?

पटावरच्या बाकीच्या मंडळींचीही हजेरी घेऊ. चतुरंगातल्या हत्तीला फारसीत ‘पील’ म्हणत. अरबीत ‘प’ नसल्याने त्याचा ‘फील’ झाला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हत्ती बांधायच्या जागेला ‘फीलखाना’ किंवा ‘पीलखाना’ म्हटलेले आढळते, तोच हा शब्द. स्पॅनिश खेळाडू आजही तिरक्या चालीच्या मोहऱ्याला ‘आल्फिल’ म्हणतो. म्हणजे हत्तीच म्हणतो, पण त्याला ते ठाऊक नसते. रशियन लोक तर सरळ ‘स्लोन’, म्हणजे हत्ती, म्हणतात. इंग्रज त्यालाच बिशप म्हणतो, फ्रेंच विदूषक आणि जर्मन धावक. अरबांची मोहरी प्राण्यांच्या आकाराची नसत. हत्ती म्हणजे एक ठोकळा आणि सुळ्यांच्या जागी दोन टोके. ज्यांनी हत्ती पाहिलाच नव्हता, त्यांच्यापैकी कोणाला त्यात बिशपची दुभंगलेली टोपी दिसली, कोणाला विदूषकाची, असा उलगडा इतिहासकार करतात. स्कॉटलंडच्या ल्यूइस बेटावर १८३१ साली वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेली बाराव्या शतकातील मोहरी सापडली. त्यांत टोपी घातलेले बिशप स्पष्ट ओळखू येतात. म्हणजे तोवर हत्तीने धर्मदीक्षा घेतलेली होती!

मराठीत काय झाले पाहा. आपल्या पटावर तिरका चालतो तो उंट, आणि कोपऱ्यातला हत्ती. वास्तविक कोपऱ्याची जागा रथाची. फारसीत त्याला ‘रुख’ म्हणत, त्यावरून इंग्रजी ‘रूक’. बंगालीत त्याच कोपऱ्यात नौका आहे आणि हजारो कोसांवरच्या रशियातही नौकाच.

इंग्रजीत ‘रूक’ नावाचा कावळ्यासारखा एक पक्षीही आहे. कोणी सांगेल की मोहऱ्याचे नाव त्या पक्ष्यावरून पडले. ऐकायला बरे वाटते, पण खोटे. पक्ष्याचे नाव त्याच्या कर्कश ओरडण्यावरून पडलेले, फार जुने आणि युरोपातलेच. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावरून त्यांचे नाते जोडता येत नाही. मध्ये प्रत्येक पायरी दाखवता आली पाहिजे, जशी चतुरंग, चतरंग, शतरंज ही दाखवता येते.

आणि वजीर? राजाशेजारी त्याचा प्रधान असावा हे आपल्याला साहजिक वाटते. युरोपात मात्र त्या जागी राणी आली. जुन्या खेळात हा मोहरा अगदी दुबळा होता. तिरके एक घर, एवढीच त्याची चाल. सुमारे १४७५ च्या सुमारास स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातील लिखाणात प्रथमच राणी आजच्यासारखी चहूबाजूंना, वाटेल तितकी घरे धावताना दिसते. हा बदल इतका खळबळजनक होता, की फ्रेंच लोक नव्या खेळाला ‘चवताळलेल्या राणीचा खेळ’ म्हणू लागले. त्या वेळी स्पेनमध्ये इसाबेला ही पराक्रमी राणी होती, तिच्यामुळे हे घडले असे काही जण सांगतात. कल्पना मोहक आहे, पण दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. आपल्याकडे हा मोहरा अजून वजीरच राहिला, पण चाल त्याने त्या राणीची घेतली. तुमच्या घरच्या पटावरील वजिराचे नाव पश्चिम आशियातले, चाल स्पेनमधली आणि पाट हिंदुस्थानातला!

ही नवी चाल आली तरी इतर बाबतींत जुने देशी नियम येथे बराच काळ टिकून होते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, त्यांनी असा डाव कदाचित पाहिला असेल. पंजाबचे सुलतान खान याच नियमांवर वाढले. परके नियम नव्याने शिकून ते १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश विजेते झाले. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर पद दिले. आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तो आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने.

बुद्धिबळाची गोष्ट निघाली की गव्हाच्या दाण्यांची गोष्ट येतेच. खेळ शोधणाऱ्याने राजाकडे मागितले : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरून द्या. तेराव्या शतकातील इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने ती लिहून ठेवली आहे. शोधणारा कोण, राजा कोण, ही सारी दंतकथा. पण गणित पक्के आहे. एका ग्रॅममध्ये सुमारे २५ दाणे धरले, तर निम्मा पट संपतो तेव्हा फक्त सुमारे १७० टन गहू लागतो. दहा टनी मालमोटारी सतरा. राजाला घाम फुटायचे कारण नाही. पुढच्या अर्ध्या पटात मात्र एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. वजन सुमारे ७३,८०० कोटी टन. सध्या साऱ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. भागाकार तुम्हीच करा; उत्तर नऊशे वर्षांहून अधिक येईल.

एक मोहरा राहिलाच, सर्वांत लहान. ‘प्यादे’ हा शब्द फारसी ‘पियादा’वरून आला, अर्थ पायी चालणारा. त्यात आपल्या ‘पाद’, ‘पद’ या शब्दांसारखे काही ऐकू येते ना? येथे मात्र ते खरे नाते आहे. पायाला लॅटिनमध्येही ‘पेद’ असा धातू आहे. हे शब्द कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. संस्कृत, फारसी आणि लॅटिन या एकाच प्राचीन भाषेच्या मुली असल्याने तो त्यांचा वारसा आहे. लॅटिन ‘पेद’पासून पायदळातल्या सैनिकासाठी जो शब्द झाला, त्याचा इंग्रजीत ‘पॉन’ म्हणजे प्यादे झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘पिआंव’. पोर्तुगीज तो शब्द घेऊन हिंदुस्थानात आले, इंग्रजांनी तो त्यांच्याकडून उचलला, आणि कचेरीत निरोप नेणाऱ्या माणसाला ‘प्यून’ म्हणू लागले. मराठीत आपण त्याला ‘शिपाई’ म्हणतो. हा शब्दही फारसी ‘सिपाही’, म्हणजे सैनिक. तास संपल्याची घंटा देणारे तुमच्या शाळेचे शिपाईकाका, इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे सेनेतूनच आलेले आहेत.